कॅराव्हॅनचे सनरूफ : तडा डावीकडे, डाग उजवीकडे

रानवाटा

नमस्कार. गेल्या ऑक्टोबरात आम्ही एका खासगी विक्रेत्याकडून २०१४ सालची टूरिंग कॅराव्हॅन (कारमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर) विकत घेतली. हिवाळाभर ती लीड्सजवळच्या एका स्टोरेजमध्ये उभी होती. परवा उघडून पाहिली तेव्हा दोन गोष्टी नजरेस आल्या. पुढच्या बैठकीच्या वर, खिडकीला लागून छताचा जो उतार आहे, त्यात मोठे सनरूफ आहे. त्याच्या बाहेरच्या ॲक्रिलिकवर (पारदर्शक प्लास्टिकवर) डाव्या बिजागरीजवळ केसाएवढ्या बारीक चिरा पडल्या आहेत आणि त्यांतली एक बोटाच्या पेराहून लांब आहे. दुसरे असे की, उजव्या कोपऱ्यात वरच्या कपाटामागे तपकिरी डाग उमटला असून तिथे अंगठ्याने दाबले तर वॉलबोर्ड (भिंतीचे आतले पातळ अस्तर) किंचित आत जातो.

पाणी या चिरांतूनच येत असेल का? चिरा बुजवाव्यात की संपूर्ण सनरूफ बदलावे? ईस्टरच्या सुट्टीसाठी इंग्लंडमधल्या पावसाळी लेक डिस्ट्रिक्टमधली जागा आरक्षित केलेली आहे, त्यामुळे गाडी न्यावी की नाही, हेही ठरवायचे आहे. ज्यांनी अशी कामे स्वतः केली आहेत किंवा करवून घेतली आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

बटाटेवडा

लेक डिस्ट्रिक्टला जाणारच असाल, तर गळतीची वेगळी चाचणी घेण्याचे कष्ट वाचतील.

जुगाडू

फार विचार करू नका. सिलिकोनची एक नळी आणा, सनरूफच्या चौकटीभोवती चारही बाजूंनी जाड थर द्या, चिरांवरही बोटाने फिरवा आणि ईस्टरला खुशाल जा. माझ्या गाडीवर असाच थर आहे आणि आतमध्ये पाण्याचा थेंब नाही. कार्यशाळेत नेलीत तर आधी महिनाभर थांबवतील आणि मग बिल हातात देतील.

हंबरकाठ

जुगाडू यांच्या सल्ल्याकडे नंतर वळतो, कारण माझी बरीच वर्षे हल शहराजवळ कॅराव्हॅन दुरुस्तीच्या कामात गेली आहेत आणि असे जाड थर खरवडून काढण्यातच त्यांतला मोठा भाग गेला आहे.

रानवाटा, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. चिरा डावीकडे आहेत आणि डाग उजवीकडे आहे. तुमचे सनरूफ एका जाड पत्र्याचे नसून ॲक्रिलिकच्या दोन थरांचे आहे आणि त्या दोहोंमध्ये हवेची पोकळी आहे. बाहेरच्या थराला चीर गेली, तर पाणी आधी त्या पोकळीत उतरते. मग तिथे धुके साचते, थेंब दिसतात आणि पुढे हिरवट शेवाळही धरते. आतला थर शाबूत असेल, तर ते पाणी सहसा गाडीत येत नाही. त्यामुळे सर्वांत आधी पोकळीत ओल दिसते का ते पाहा. ती कोरडी असेल, तर चिरा अजून आरपार गेलेल्या नाहीत आणि डागाचे कारण निश्चितच वेगळे आहे.

ते वेगळे कारण बहुधा चौकटीखालच्या मॅस्टिकमध्ये, म्हणजे फट बुजवणाऱ्या लुकणात, सापडते. सनरूफची बाहेरची चौकट छतावर टेकते आणि ती व छत यांच्यामध्ये न वाळणाऱ्या मॅस्टिकची पट्टी असते. दहा वर्षांच्या ऊन-थंडीने ती पट्टी आकसते आणि तिच्यात सुईएवढी वाट तयार होते. तिथून शिरलेले पाणी लगेच खाली टपकत नाही. छत म्हणजे वर ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा, मध्ये फोम आणि खाली तीन मिलिमीटरचे प्लायवूड. पाणी या थरांमधून उताराच्या दिशेने सरकते आणि जिथे एखादा सांधा किंवा स्क्रू भेटतो तिथे प्रकट होते. गाडी स्टोरेजमध्ये उजवीकडे थोडी कललेली होती का, हे आठवून पाहा.

सनरूफचा दोष गृहीत धरण्याआधी ऑनिंग रेलचे (बाजूला तंबू अडकवायच्या पट्टीचे) पुढचे टोक, टीव्हीच्या अँटेनाचा बुंधा आणि वरच्या मार्कर दिव्यांची गास्केटेही तपासा. कोपऱ्यातल्या डागाला रेलचे स्क्रू अनेकदा कारणीभूत असतात.

उत्तरध्रुव

आणखी एक शक्यता नोंदवतो. आम्ही स्कॉटलंडमध्ये ऐन थंडीतही कॅराव्हॅन वापरतो आणि दर वर्षी कोणीतरी नवीन मंडळी 'सनरूफ गळते' म्हणून घाबरून फोन करतात. प्रत्यक्षात ते बाष्प असते. आत दोन-तीन माणसे झोपलेली, ओले कोट टांगलेले आणि गॅसवर रस्सा उकळत असला, की सनरूफच्या थंड चौकटीवर पाणी साचून पहाटे उशीवर ठिबकते.

रसायनी

उत्तरध्रुव यांच्या मुद्द्याला आकड्याची जोड देतो. एक किलो प्रोपेन पूर्ण जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. हे पाणी भांड्यातल्या वाफेव्यतिरिक्त असते आणि खिडक्या बंद असल्या तर ते कॅराव्हॅनमध्येच राहते. मात्र रानवाटा यांच्या गाडीत हिवाळाभर कोणी राहत नव्हते आणि त्यांचा वॉलबोर्ड मऊ पडला आहे, त्यामुळे इथे बाष्पाला दोषमुक्त करावे लागेल.

आता जुगाडू यांच्याविषयी. ॲक्रिलिकवर काय लावले जाते, याची फार काळजी घ्यावी लागते. हे प्लास्टिक ताणाखाली असताना त्याला अल्कोहोल किंवा तत्सम द्रावक लागला, तर त्यात बारीक चिरांचे जाळे पडते. बिजागरी आणि पकड यांच्याभोवती ताण कायमचाच असतो, म्हणून चिरा तिथूनच सुरू होतात. काच पुसण्याच्या फवाऱ्यांत अल्कोहोल असते, काहींत अमोनिया असतो आणि सीलंट लावण्याआधी पृष्ठभाग स्वच्छ करायला लोक जे आयसोप्रोपिल वापरतात, तेही इथे घातक आहे. गॅरेजमध्ये लोकप्रिय असलेल्या पॉलियुरेथेन सीलंटच्या माहितीपत्रकांतही अशा तडकणाऱ्या प्लास्टिकवर वापर करू नये अशी सूचना आढळते. सनरूफ धुण्यासाठी कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ फडके पुरेसे आहे. कोरडे फडके मात्र फिरवू नये, कारण धुळीचे कण ओरखडे पाडतात.

जुगाडू

दोघांच्या ज्ञानाविषयी आदर आहे, पण माझे छत कोरडे आहे ही वस्तुस्थिती कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मला जास्त पटते.

हंबरकाठ

कोरडे असेल, मी नाकारत नाही. सिलिकोनची अडचण दुसऱ्या दुरुस्तीच्या वेळी कळते. ते निघाल्यासारखे वाटले तरी त्याचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्यावर दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही. शिवाय वरून दिलेला थर खालच्या फुटलेल्या मॅस्टिकला दुरुस्त करत नाही. त्या थराला कुठे एक भोक पडले की पाणी आत जाते आणि पूर्वी निदान बाहेर पडायला जी वाट होती तीही आता बंद झालेली असते. चौकट उचलून पाहिली तर खालचे लाकूड ओल्या पावासारखे हातात येते.

योग्य पद्धत अशी आहे की आतले स्क्रू सोडवून चौकट पूर्ण काढावी, जुने मॅस्टिक प्लास्टिकच्या पात्याने खरवडावे, छताचा पत्रा व्हाइट स्पिरिटने पुसावा आणि हे द्रावण ॲक्रिलिकपासून दूर ठेवावे. उघड्या कडेचे लाकूड काही दिवस वाळू द्यावे आणि मगच ब्यूटाइल मॅस्टिकचा अखंड थर घालून चौकट बसवावी. रूफलाइट (छतातल्या अशा खिडक्या) बनवणाऱ्यांच्या सूचनांतही न वाळणारे, लवचीक ब्यूटाइलच सांगितलेले असते. 'सिकालास्टोमर ७१०' हे त्यांपैकी एक नाव. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि मॅस्टिक कडेने सारखे बाहेर आले की थांबावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हलक्या हाताने आवळावे लागतात, कारण मॅस्टिक दबते. ताकद लावून आवळणाऱ्यांच्या चौकटी मी तडकलेल्या पाहिल्या आहेत.

वकीलकाकू

दुरुस्तीच्या चर्चेत कायद्याचा मुद्दा राहून जाऊ नये म्हणून लिहिते. इंग्लंडमध्ये व्यापाऱ्याकडून घेतलेल्या कॅराव्हॅनला २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट लागू होतो. पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू परत करता येते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत दोष दिसला, तर तो विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे व्यापाऱ्याला सिद्ध करावे लागते. दुरुस्तीची एक संधी देऊनही दोष राहिला, तर गाडी परत करण्याचा किंवा किंमत कमी करून घेण्याचा हक्क मिळतो. ही जबाबदारी विकणाऱ्याची आहे, त्यामुळे 'कंपनीकडे जा' या उत्तरावर समाधान मानू नये.

रानवाटा यांनी मात्र खासगी माणसाकडून गाडी घेतली आहे, त्यामुळे यातले फारसे काही त्यांच्या उपयोगाचे नाही. विक्रेत्याने 'गाडीत अजिबात ओल नाही' असे लेखी कळवले असेल आणि ते खोटे ठरत असेल, तरच पुढे काही करता येईल. ते संदेश जपून ठेवा. विम्याबद्दलही एक सांगते. फांदी पडून सनरूफ फुटले तर विमा कंपनी सहसा विचार करते. हळूहळू झिरपून कुजलेल्या लाकडाची भरपाई मात्र बहुतेक पॉलिसींत स्पष्ट शब्दांत वगळलेली असते.

मेथीची_जुडी

वकीलकाकू, उत्पादकाच्या ओलविरोधी हमीचे काय? आमच्या गाडीला ती अजून चालू आहे असे कागदावर तरी दिसते.

वकीलकाकू

ती हमी कायद्याने मिळालेल्या हक्कांच्या वरची असते आणि तिच्या अटी पाळल्या तरच टिकते. दर वर्षी ठरलेल्या मुदतीत अधिकृत कार्यशाळेत सर्व्हिस, ओलीची तपासणी आणि त्याचा शिक्का ही त्यांतली सर्वसाधारण अट असते. एक वर्ष चुकले तरी दावा फेटाळला जाऊ शकतो. पुस्तिका तपासा.

कॅनोपीवाला

मी कॅराव्हॅनवाला नाही, ग्लायडर (इंजिनाशिवाय उडणारी विमाने) दुरुस्त करतो. ग्लायडरची कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, हीही ॲक्रिलिकचीच असते, म्हणून चिरांबद्दल दोन शब्द.

चीर जिथे संपते तिथे ताण एकवटतो आणि म्हणूनच ती पुढे सरकत राहते. आम्ही चिरेच्या अगदी टोकावर दोन-तीन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडतो, म्हणजे तो ताण विभागला जातो आणि चीर थांबते. टोक नेमके सापडणे महत्त्वाचे आहे. अंधारात टॉर्च तिरका धरला की चीर चमकते आणि जिथे चमक संपते तिथून किंचित पुढे छिद्र घ्यावे लागते. साधे धातूचे ड्रिल प्लास्टिकमध्ये घुसून तुकडा उडवते, म्हणून प्लास्टिकसाठीचे पाते वापरावे, वेग कमी ठेवावा आणि जोर अजिबात लावू नये. तुमच्याकडे दोन थर आहेत, त्यामुळे पात्याला मापाची पट्टी गुंडाळा, नाहीतर आतला थरही जाईल. छिद्र आणि चीर मग ॲक्रिलिकसाठीच्या चिकटद्रव्याने भरता येतात.

तरीही स्पष्ट सांगतो की बिजागरीजवळच्या चिरेला हा उपाय मी तात्पुरताच मानेन. तिथे प्रत्येक वेळी उघडताना नवा ताण येतो.

गोदाकाठ

नाशिकहून लिहितो आहे. आमच्याकडे ओढून न्यायच्या कॅराव्हॅन क्वचितच दिसतात, पण व्हॅनचे कॅम्परमध्ये रूपांतर करून घेणारे वाढले आहेत आणि ४०० × ४०० मिलिमीटरचे रूफलाइट आता तेही बसवून घेतात. व्हॅनच्या छताला उंचवटे असतात. सपाट चौकट त्यांवर टेकली की खाचांमध्ये फट राहते आणि कारागीर ती सीलंटने भरून मोकळे होतात. पहिल्याच पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरच्या बाजूला गेले की सगळे कळते. त्या खाचांच्या आकाराच्या भरीव पट्ट्या आधी चिकटवून पृष्ठभाग सपाट केला आणि मग चौकट बसवली, तर ते टिकते. इथले एप्रिल-मेचे ऊनही कडक असते, म्हणून गाडी उभी असताना वरून कापडाचे आच्छादन घालणे बरे.

बटाटेवडा

लेक डिस्ट्रिक्टमध्येच बॉरोडेल खोऱ्यातल्या सीथवेटला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि इंग्रज लोक त्याचे फार कौतुक करतात. आमच्या आंबोलीत त्याच्या दुप्पट पडतो, पण तिथे कोणी छताला भोक पाडून त्यातून आकाश पाहायची हौस करत नाही.

हंबरकाठ

बटाटेवडा, हसू आले, पण इथे पावसाच्या मोजमापापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची आहे. उभ्या सरी सनरूफवरून वाहून जातात. गाडी ओढताना मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे. त्या वेगाने समोरून येणारे पाणी चौकटीच्या ओठाखाली दाबाने शिरते. त्यामुळे उभ्या गाडीवर पाइप सोडून 'गळत नाही' असे म्हणणारे लोक प्रवासाहून परतल्यावर ओली गादी दाखवतात.

सायली_ब्रिस्टल

एक घरगुती उपाय विचारते. हिवाळ्यात सनरूफवर आणि त्याच्या जाळीवर संपूर्ण प्लास्टिक चिकटवून ठेवले तर चालेल का?

उत्तरध्रुव

कृपया करू नका. रूफलाइटच्या कडेने वाहणारी हवा ही चूक नसून मुद्दाम ठेवलेली सोय असते. वरची ही झरोके आणि जमिनीजवळची झरोके मिळून गाडीचे कायमचे वायुवीजन होते आणि गॅसची उपकरणे असलेल्या गाडीत ते बंद करणे जिवावर बेतू शकते. थंड झुळूक लागते म्हणून पट्टी लावणारे लोक भेटतात. त्यांना कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, एवढीच अडचण असते. गाडी वापरात नसतानाही झरोके बंद झाली की आतली ओल कोंडते. बाहेरून हवा खेळती राहील असे आच्छादन घाला.

रानवाटा

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी आणि रविवारी हे काम केले, त्याचा अहवाल देतो.

दोन थरांमधली पोकळी पूर्ण कोरडी आहे. म्हणजे हंबरकाठ यांच्या म्हणण्याप्रमाणे चिरा अजून आरपार नाहीत. एका मित्राचा डॅम्प मीटर (ओल मोजायचे यंत्र) आणला. सनरूफच्या डावीकडे १२ ते १४ टक्के, मध्ये १६, उजव्या वरच्या कोपऱ्यात २८ आणि कपाटामागच्या डागावर ३३ असे आकडे आले.

त्यानंतर आतल्या चौकटीभोवती स्वयंपाकघरातला टिपकागद चिकटवला आणि पत्नी आत टॉर्च घेऊन बसली. मी बाहेरून शिडीवर उभा राहून पाइपचे पाणी मंद धारेने आधी खालच्या कडेला, मग बाजूंना आणि शेवटी वरच्या कडेला सोडले. ऑनिंग रेलवर वेगळे सोडले. रेल कोरडी निघाली. वरच्या उजव्या कोपऱ्यावर बराच वेळ पाणी सोडल्यावर कागदाची कड गडद झाली आणि तो ओलावा हळूहळू कपाटाच्या दिशेने सरकला.

आणि जुगाडू, क्षमा असावी. त्याच कोपऱ्यावर आधीच्या मालकाने दिलेला सिलिकोनचा जाड, पांढरा थर आहे. त्याच्या एका टोकाला नखाने उचलले तर तो पट्टीसारखा निघत गेला आणि खालून काळे पाणी आले.

जुगाडू

ठीक आहे, पुरावा मान्य. मात्र त्या मालकाने एकाच कोपऱ्यावर लावले, चारही बाजूंनी नाही, हे माझे म्हणणे नोंदवून ठेवावे.

रसायनी

नोंदवले. उरलेल्या तीन बाजूंनीही सिलिकोन नसल्यामुळे रानवाटा यांचे काम हलके झाले, हेही नोंदवावे.

हंबरकाठ

उत्तम तपासणी केलीत. पंधरापर्यंतचे आकडे ठीक समजतात, वीसच्या पुढे कारण शोधावे लागते आणि तीसच्या पुढे लाकूड खराब झाल्याची शंका घ्यावी लागते. त्यामुळे चौकट काढल्यावर उजव्या कोपऱ्यातले लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक सहज आत गेले, तर तेवढा तुकडा कापून नवा बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ओल्या लाकडावर घातलेले नवे मॅस्टिक ओल आतच कोंडते. कपाट उतरवून आतून हवा लागू द्या. ओल काढण्याचे यंत्र लावून गाडीचे आकडे पंधराच्या आसपास यायला काही आठवडे लागतात, ते मान्य करूनच काम हाती घ्या.

चौकट निघणारच आहे, तर सनरूफही त्याच वेळी बदला. चिरा आज आरपार नसल्या तरी बिजागरीजवळच्या आहेत आणि कॅनोपीवाला यांनी त्याचे कारण दिलेच आहे. एकदा सगळे बसवून पुन्हा वर्षभराने उघडण्यात अर्थ नाही. नवे मागवताना घुमटाचे (वरच्या पारदर्शक झाकणाचे) बाहेरचे माप देऊ नका. छताला पाडलेल्या भोकाचे माप आणि छताची जाडी द्या, कारण स्क्रूंची लांबी जाडीवर ठरते. बाजारात ४०० × ४०० आणि ७०० × ५०० ही मापे सहज मिळतात. तुमचे पुढचे सनरूफ मात्र त्या मॉडेलपुरते घडवलेले असणार. त्याच्या कोपऱ्यात क्रमांक कोरलेला असेल. तो क्रमांक, गाडीचे वर्ष आणि मॉडेल सांगून आधी सुट्या भागांच्या दुकानात विचारा आणि तिथे नसेल तर जुन्या कॅराव्हॅन मोडणाऱ्यांकडे. तिथे घेताना बिजागरीभोवती टॉर्च तिरका धरून पाहायला विसरू नका, कारण त्याच वर्षाच्या भागाला त्याच जागी चिरा असण्याची शक्यता बरीच असते.

मेथीची_जुडी

आणि ईस्टरचे काय? मूळ प्रश्नातला तेवढा भाग राहिला.

हंबरकाठ

खरे आहे. लाकूड वाळायला ठेवले तर ईस्टरपर्यंत ते काम पुरे होणार नाही, म्हणून या सुट्टीसाठी गाडी नेऊ नये असे माझे मत आहे. तिथल्या पावसापेक्षा मला रस्त्याची अधिक चिंता वाटते. चिरा गेलेल्या बिजागरीवर सनरूफ उचलले जाऊन मोटरवेवर उडाले, तर मागच्या गाडीचे काय होईल, याचा विचार करावा. ते बदलेपर्यंत उघडू नका आणि गाडी हलवावी लागली तर आतल्या सगळ्या पकडी लागल्याची खात्री करून जवळच्या जवळच हलवा.

रानवाटा

पत्नीशी बोलून आरक्षण मेच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलले आहे. जागामालकांनी हरकत घेतली नाही. कोपऱ्यातला क्रमांक टिपून घेतला असून उद्या दुकानांना फोन करतो. चौकट काढल्यावर लाकूड कसे निघाले ते इथेच लिहीन.

बटाटेवडा

मेमध्येही तिथे पाऊस असतोच, एवढे कळवून ठेवतो.